विंचवाचे विष आणि अणूंमधील अंतर
प्रथिनांतील अमिनो आम्लांची जवळीक मोजणारे शास्त्र रायगडच्या रुग्णाला काय देते?

खास प्रतिनिधी

कर्जत : भातकापणी संपली, की कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात पेंढा रचण्याची, सरपण साठवण्याची आणि घरे शाकारण्याची लगबग सुरू होते. याच दिवसांत दगडी बांधाच्या फटीत, गोवऱ्यांच्या ढिगाखाली किंवा दाराशी काढून ठेवलेल्या चपलेत लाल विंचू दडून बसलेला असतो. मुंबईहून शनिवार-रविवारी येथील शेतघरांवर येणाऱ्या पाहुण्यांना त्याची कल्पना नसते. डोंगराच्या कुशीतील ठाकूर आणि कातकरी वाड्यांना मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अंगठ्याएवढ्याही जाडीचा नसलेला हा प्राणी धडधाकट माणसाच्या हृदयाला काही तासांत जेरीस आणतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर धोका अधिकच गंभीर असतो.

विंचवाच्या दंशानंतर रुग्णालयात आलेल्या नातेवाइकांच्या मनात एक प्रश्न हमखास असतो. 'सापाचे इंजेक्शन आहे ना, मग तेच का देत नाही?' प्रश्न साधा आहे. पण त्याचे खरे उत्तर देण्यासाठी जीवशास्त्रातील एका अतिशय सूक्ष्म विषयापर्यंत जावे लागते. प्रथिनाच्या रेणूमध्ये कोणते अमिनो आम्ल कोणत्या अमिनो आम्लाच्या किती जवळ आहे, याचा हिशेब मांडणे हा तो विषय. शास्त्रज्ञ त्याला 'संपर्क-विश्लेषण' म्हणतात.

नेरळ-माथेरानची गाडी आणि प्रथिनाची घडी

विष म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. विंचवाच्या विषात अनेक लहान-लहान प्रथिने असतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. निसर्गातील बहुतेक सर्व प्रथिने २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. माळेत ओवले गेल्यावर अमिनो आम्लाचा जो भाग शिल्लक राहतो, त्याला शास्त्रीय परिभाषेत 'अवशेष' म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी 'मणी' म्हणू. मण्यांचा क्रम ठरलेला असतो. परंतु माळ सरळ ताणलेली राहत नाही. ती स्वतःभोवती वळते, दुमडते आणि तिची एक निश्चित घडी बसते. प्रथिन काय काम करणार, हे त्या घडीवर अवलंबून असते.

याची कल्पना कर्जतकरांना सहज येईल. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. तिचा मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा आहे, पण सरळ रेषेत मोजले तर दोन्ही ठिकाणे एवढी लांब नाहीत. जुम्मापट्टी ओलांडून गाडी वळणे घेऊ लागली, की खिडकीतून खाली नुकताच मागे टाकलेला रूळ दिसतो. रुळावरून मोजले तर ती जागा बरीच मागे राहिलेली असते. डोंगराच्या अंगाने पाहिले तर अगदी हाकेच्या अंतरावर असते. प्रथिनाचेही असेच आहे. माळेत सातवा आणि अठ्ठाविसावा मणी एकमेकांपासून २१ घरे दूर असतात. पण घडी बसल्यावर ते एकमेकांना चिकटलेले असू शकतात. अशा जवळिकीलाच 'संपर्क' म्हणतात.

हे उदाहरण काल्पनिक नाही. भारतीय लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये 'आयबेरियोटॉक्सिन' नावाचे एक प्रथिन वेगळे करण्यात आले. त्यात अवघे ३७ मणी आहेत. त्यांतील सातवा आणि अठ्ठाविसावा, तेरावा आणि तेहतिसावा, सतरावा आणि पस्तिसावा अशा तीन जोड्या गंधकाच्या अणूंनी एकमेकींशी पक्क्या बांधलेल्या आहेत. हे तीन टाके आहेत म्हणूनच एवढेसे प्रथिन आपला आकार टिकवून धरते.

जवळ म्हणजे किती जवळ?

येथे अंतर मोजण्याचे माप 'अँगस्ट्रॉम' हे आहे. एका सेंटिमीटरचे दहा कोटी समान भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. गंधकाच्या दोन अणूंमधील टाका सुमारे दोन अँगस्ट्रॉमचा असतो. हायड्रोजन बंधाने जोडलेल्या दोन अणूंमध्ये सुमारे तीन अँगस्ट्रॉमचे अंतर असते. धन आणि ऋण विद्युतभार असलेले दोन मणी एकमेकांना ओढतात, तेव्हा त्यांच्यातील अंतर साधारणपणे चार अँगस्ट्रॉमच्या आत असते. पाण्याशी न जमणारे, तेलकट स्वभावाचे मणी मात्र पाणी टाळण्यासाठी प्रथिनाच्या पोटात एकत्र गोळा होतात. प्रथिनाची घडी बसण्यामागे या शेवटच्या प्रकाराचा वाटा मोठा आहे.

हे अंतर मोजायचे कसे? प्रथिनाचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडले, की किरणांच्या विखुरण्यावरून प्रत्येक अणूचे स्थान काढता येते. एनएमआर आणि अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक या आणखी दोन पद्धती आहेत. अशा रीतीने मिळालेली अणूंची स्थाने 'प्रोटीन डेटा बँक' या जागतिक संग्रहात ठेवली जातात. १९७१ मध्ये हा संग्रह सुरू झाला, तेव्हा त्यात केवळ सात रचना होत्या. आता ती संख्या दोन लाखांच्या पुढे गेली आहे, आणि हा संग्रह कोणालाही विनामूल्य पाहता येतो.

प्रत्येक अणूचे लांबी, रुंदी आणि उंची या तीन दिशांतील स्थान हाती आले, की पुढचे गणित शाळेतल्या भूमितीचेच असते. दोन मण्यांतील कोणतेही दोन अणू चार-पाच अँगस्ट्रॉमच्या आत आले, तर त्या मण्यांचा संपर्क आहे असे मानायचे. दुसऱ्या एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक मण्यातील एक ठरावीक कार्बन अणू घेतात आणि आठ अँगस्ट्रॉमची मर्यादा लावतात. मर्यादा कोणती घ्यायची, हे अभ्यासाच्या हेतूवर ठरते. माळेत शेजारी-शेजारी असलेले मणी जवळ असणारच; म्हणून त्यांना बहुधा हिशेबातून वगळतात.

आयबेरियोटॉक्सिनच्या ३७ मण्यांच्या एकूण ६६६ जोड्या होतात. एका चौकोनी तक्त्याच्या आडव्या आणि उभ्या बाजूला एक ते ३७ आकडे लिहायचे आणि जी जोडी संपर्कात असेल तिच्या घरात काळा ठिपका द्यायचा. हा झाला प्रथिनाचा 'संपर्क-नकाशा'. जाणकाराला तो जन्मपत्रिकेसारखा वाचता येतो. फरक एवढाच, की येथे भाकिताला मोजमापाचा आधार असतो. कर्णाला लागून समांतर जाणारी ठिपक्यांची रांग दिसली, की तेथे माळेला फिरकीसारखा पीळ आहे हे कळते. कर्णाशी काटकोन करणारी रांग दिसली, तर माळ उलट वळून स्वतःशेजारीच आली आहे असे समजावे. कर्णापासून दूर पडलेले एकटेदुकटे ठिपके सर्वांत मोलाचे, कारण लांबच्या मण्यांना एकत्र आणून घडी पक्की करणारे तेच असतात.

या शास्त्राच्या पायाभरणीत भारताचा वाटा मोठा आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये एक आलेख प्रसिद्ध केला. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात आणि किती जवळ येऊच शकत नाहीत, या साध्या विचारावर तो आलेख उभा होता. त्यावरून प्रथिनाची माळ कोणकोणत्या कोनांत वळू शकते हे ठरवता आले. प्रथिनाची नवी रचना योग्य आहे की नाही, हे आजही जगभर 'रामचंद्रन आलेखा'वर ताडून पाहिले जाते.

एक मणी बदलला तर?

ही जवळीक किती निर्णायक असते, हे महाराष्ट्राला सिकलसेल आजाराने शिकवले आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांत हा आनुवंशिक आजार आढळतो. रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ मणी असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानावरील ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आले, एवढाच काय तो बदल. ग्लुटामिक आम्ल विद्युतभारित आणि पाण्यात रमणारे. व्हॅलिन मात्र तेलकट स्वभावाचे. रेणूने प्राणवायू सोडला, की हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनवरील एका खळग्यात जाऊन बसते. त्या खळग्यात ८५ व्या स्थानी फेनिलॲलानिन आणि ८८ व्या स्थानी ल्युसिन असते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू चिकटत जाऊन लांब दोऱ्या तयार होतात, तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकडी होते आणि रक्तवाहिन्या तुंबतात. जेथे संपर्क नको होता तेथे तो झाला, आणि त्याची किंमत रुग्णाने आयुष्यभर मोजली.

विष कुठे जाऊन बसते?

विंचवाच्या विषाचा सगळा खेळ अशाच संपर्कांचा आहे. आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात सोडियम, पोटॅशियम आदी क्षारकणांना आत-बाहेर सोडणारी दारे असतात. ही दारेही प्रथिनांचीच. ती ठरावीक क्षणी उघडतात आणि मिटतात, म्हणून मज्जातंतूतून संदेश जातो. विंचवाच्या विषातील काही प्रथिने सोडियमच्या दाराला चिकटून ते नीट मिटू देत नाहीत. उत्तर आफ्रिकेतील एका विंचवाच्या अशाच विषाची दाराशी जुळलेली रचना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या दाराच्या ज्या भागाला विद्युतदाबातील बदल जाणवतो, नेमके त्यालाच विष पकडून ठेवते, असे तीत दिसले.

दार उघडे राहिले, की मज्जातंतू थांबतच नाहीत. शरीरात ॲड्रिनॅलिन आणि तत्सम रसायनांचा लोंढा येतो. रुग्णाला दरदरून घाम फुटतो, लाळ गळते, उलट्या होतात, हात-पाय गार पडतात. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसात पाणी भरू शकते. मृत्यू येतो तो या मार्गाने.

पोटॅशियमच्या दारावर हल्ला करणारी प्रथिने वेगळी. त्यांचा डाव २०१३ मध्ये अमेरिकेतील रॉड्रिक मॅकिनन यांच्या गटाने उघड केला. मॅकिनन यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. 'चॅरिब्डोटॉक्सिन' हे विंचवाचे प्रथिन बाटलीच्या बुचासारखे दारावर बसते आणि त्याचा २७ वा मणी, म्हणजे लायसिन, थेट पोटॅशियमच्या वाटेत शिरतो, असे त्यांना आढळले. लायसिनच्या टोकावर धनभार असतो आणि पोटॅशियमच्या कणावरही धनभारच असतो. त्यामुळे एकाची जागा दुसरा घेतो. आपल्याकडील लाल विंचवाच्या आयबेरियोटॉक्सिनमध्येही २७ व्या स्थानी लायसिनच आहे. हे प्रथिन एका विशिष्ट प्रकारच्या पोटॅशियम दारावर इतके नेमके बसते, की जगभरच्या प्रयोगशाळा ते दार ओळखण्यासाठी त्याचा उपयोग करतात. रायगडच्या बांधावर ज्याची भीती वाटते, त्याचेच विष प्रयोगशाळेत उपयोगी ठरते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

महाडची शिकवण

विंचूदंशावरील उपचाराचा आधुनिक इतिहास याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला घडला. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७०च्या दशकात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांची बारकाईने नोंद केली. 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकाने त्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रक्तदाबावर दिले जाणारे 'प्राझोसिन' हे स्वस्त औषध त्यांनी १९८०च्या दशकात विंचूदंशासाठी वापरात आणले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी तीस ते चाळीस टक्के दगावत. ते प्रमाण या औषधानंतर काही टक्क्यांपर्यंत खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री किताबाने गौरवण्यात आले.

प्राझोसिन विषाला हातही लावत नाही. ॲड्रिनॅलिनसारखी रसायने रक्तवाहिनीवरील ज्या प्रथिनाच्या खळग्यात बसून तिला आवळतात, तो खळगाच हे औषध अडवून धरते. लोंढा आला तरी त्याला आत शिरायला जागा मिळत नाही. म्हणजे येथेही प्रश्न कोण कोणाच्या किती जवळ जाते, हाच.

विषाला थेट निष्प्रभ करायचे काम प्रतिविषाचे. मुंबईच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाने लाल विंचवाविरुद्ध असे प्रतिविष तयार केले. घोड्याला विषाची अत्यल्प मात्रा टोचली जाते, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि ती शुद्ध करून औषध बनवले जाते. बावस्कर यांनी महाड येथे ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केली. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी त्याच मुदतीत बरे झालेले आठ होते.

मग सापाचे इंजेक्शन का चालत नाही?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. प्रतिपिंड हेही प्रथिनच. ते विषाच्या रेणूवरील एका छोट्या ठिगळाला ओळखते. त्या ठिगळात साधारण पंधरा-वीस मणी असतात. गंमत अशी, की हे मणी माळेत ओळीने आलेले असतीलच असे नाही. घडी बसल्यामुळे लांबचे मणी शेजारी आलेले असतात आणि त्या शेजारातून ते ठिगळ तयार होते. प्रतिपिंडाचा आकार, त्यावरील धन-ऋण भार आणि तेलकट जागा या ठिगळाशी जुळल्या, तरच पकड बसते.

सापाचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून तयार होते. नागाच्या विषातील प्रथिनांची घडी तीन बोटांसारखी असते. विंचवाच्या प्रथिनाची घडी अगदी निराळी. दोघेही मज्जातंतूवर घाला घालतात, म्हणून त्यांचे ठिगळ सारखे ठरत नाही. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागू नये, तसेच हे. सापाचे इंजेक्शन विंचूदंशाला देणे म्हणजे रुग्णाला काहीही लाभ न देता घोड्याच्या प्रथिनाची ॲलर्जी होण्याचा धोका पत्करणे होय. डॉक्टर ते नाकारतात, तेव्हा ते टाळाटाळ करीत नसतात.

हे ठिगळ संगणकावर आधीच शोधता आले तर? या प्रश्नावर पुण्यात महत्त्वाचे काम झाले. पुणे विद्यापीठाच्या जैवमाहितीशास्त्र केंद्रात डॉ. अशोक कोळस्कर यांनी प्रसाद टोंगावकर यांच्यासमवेत १९९० मध्ये मण्यांच्या क्रमावरून अशी ठिगळे ओळखण्याची पद्धत मांडली. ती आजही जगभर उद्धृत केली जाते. डॉ. ऊर्मिला कुलकर्णी-काळे, श्रीराम भोसले आणि कोळस्कर यांनी २००५ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. प्रथिनाच्या पृष्ठभागावर कोणते मणी उघडे आहेत आणि त्यांतील कोणते एकमेकांच्या जवळ आहेत, हे अंतराच्या हिशेबाने तपासून घडीतून बनलेले ठिगळ दाखवणारी सेवा त्यांनी इंटरनेटवर खुली केली. पुढे याच केंद्रातून प्रतिपिंड आणि त्याचे लक्ष्य यांच्यातील संपर्कांचा, प्रत्येक मण्याच्या पातळीवरील संग्रहही प्रसिद्ध झाला.

संपर्काचा अंदाज

गेल्या काही वर्षांत या शास्त्राने मोठी झेप घेतली. स्फटिक न करता, केवळ मण्यांच्या क्रमावरून संपर्क ओळखता येतील काय, हा जुना प्रश्न होता. त्याचे उत्तर उत्क्रांतीत सापडले. दोन मणी संपर्कात असतील, तर एक बदलल्यावर दुसराही जुळवून घेतो. हजारो जीवांतील एकाच प्रथिनाची तुलना केली, तर जोडीने बदलणारे मणी हाती लागतात. या सूत्राला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड मिळाली आणि २०२० मध्ये 'अल्फाफोल्ड' या प्रणालीने प्रथिनांच्या घडीचे अचूक अंदाज वर्तवून दाखवले. डेमिस हासाबिस, जॉन जंपर आणि डेव्हिड बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच क्षेत्रातील कामगिरीसाठी.

बेकर यांच्या गटाने २०२५ च्या आरंभी आणखी एक वृत्त दिले. सापाच्या 'तीन बोटां'च्या विषाला नेमके पकडणारी लहान प्रथिने त्यांनी संगणकावर रचली आणि त्यांनी उंदरांचे प्राण वाचवले. घोड्यांशिवाय प्रतिविष बनण्याची शक्यता त्यामुळे दिसू लागली आहे. मात्र उंदरापासून माणसापर्यंतचा प्रवास लांबचा असतो, हे विसरता कामा नये.

तोवर कर्जत-खालापूरच्या वाडीवस्तीला आधार आहे तो वेळेचा. विष एकदा दाराला चिकटले, की प्रत्येक मिनिटाला लोंढा वाढत जातो. प्रतिविष जितके लवकर पोहोचेल तितके विष मोकळे असतानाच त्याच्या हाती लागते. म्हणून दंशाची जागा कापणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे रात्र घालवणे यांत गेलेला वेळ परत मिळत नाही. चप्पल झटकून घालावी, सरपण काढताना बॅटरी वापरावी, लहान मुलांना जमिनीवर झोपवू नये. आणि दंश झालाच, तर घाम, लाळ, उलटी किंवा गार पडलेले हात-पाय दिसताच रुग्णाला थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे.

प्रयोगशाळेत अंतर अँगस्ट्रॉममध्ये मोजले जाते. वाडीपासून रुग्णालयापर्यंतचे अंतर मात्र किलोमीटरमध्ये. पहिले अंतर मोजणारे शास्त्र कितीही पुढे गेले, तरी रुग्णाचा जीव वाचण्यासाठी दुसरे अंतरही वेळेत कापले जायला हवे.